श्वासाचे दोन फोटो

“हळकुंड! डॉक्टरसाहेब, हळकुंड आहे ते. ह-ळ-कुं-ड!”

शाळेच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला एका हाताने कवटाळून, दुसऱ्या हाताने फोन आभाळात खुपसून मी बोंबलत होते. गावात रेंज म्हणून जी काही उरली होती, ती त्या टाकीच्या डोक्यावर कावळ्यासारखी बसलेली असायची. जरा हललं की उडून जायची. माझा आवाज तसा बरा आहे. जळगावात मी “पुढचे पेशंट” म्हटलं की भुसावळच्या दवाखान्यातली माणसं उठून उभी राहतात. पण त्या दिवशी नदी माझ्यापेक्षा मोठ्याने बोलत होती.

फोनच्या पलीकडे आमचे पारोळ्याचे डॉक्टर होते. पारोळ्याचे म्हणायचे एवढंच. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी लढाईच्या मुलखांत घालवली होती, तंबूत बसून जखमी माणसांचे एक्स-रे बघण्यात. आता कुठल्या तरी लांबच्या शहरात बसून ते आमच्यासारख्यांनी पाठवलेले फोटो वाचून द्यायचे. मी नुकताच एका बाईच्या छातीचा फोटो पाठवला होता आणि ते म्हणत होते, मधोमध एक लांबट सावली दिसते आहे, छातीत लाकूड घुसलं आहे का? बॉम्ब पडला की दारं-खिडक्यांच्या फळ्या माणसांत घुसतात. ते त्यांनी इतकं पाहिलं होतं की साधं हळकुंड ओळखेनात. स्वतःच्या लग्नात मनगटाला हळकुंड बांधून घेतलेला माणूस. मी तेही त्यांना ऐकवलं.  मग ते म्हणाले, “बरं, हळकुंड. पण डावं फुप्फुस दबलंय, ते खरं आहे. श्वास सोडून आणखी एक फोटो घ्या आणि तिला धुळ्याला पाठवायची तयारी करा.”

भादवा आला की हे सगळं परत माझ्या नाकात येतं. हो, नाकात. लोकांच्या आठवणी म्हणे मनात असतात, माझ्या नाकात आहेत. यंदाही आला. जळगावात दुपारी ऊन असं पडतं की डांबर मऊ होतं आणि तासाभराने आभाळ काळं-जांभळं होऊन खाली उतरतं. आमच्या एक्स-रे सेंटरच्या मागच्या मातीच्या भिंतीला ओल चढते. तो ओल्या मातीचा, शेणाचा, कुजत्या गवताचा वास आला की मी हातातलं काम टाकून दारात उभी राहते. रिसेप्शनवरची मुलगी विचारते, ताई, काय झालं? मी म्हणते, काही नाही, गाव पडल्याचा वास येतोय. ती हसते. माझं बोलणं अर्ध्याने कापून घ्यायचं, असा आमच्या सेंटरात, आमच्या घरात, आणि खरं म्हणजे आख्ख्या गल्लीत नियम आहे. मी सांगितलं की आज शंभर पेशंट होते, तर माझा नवरा मनातल्या मनात पन्नास धरतो आणि तोंडाने म्हणतो, “म्हणजे वीस.”

या नियमाचा मला कधी त्रास झाला नाही. एकदाच झाला. तेच सांगते आहे.

त्या वर्षी पोळा झाला आणि पाऊस असा लागला की बेडकांनीसुद्धा आडोसा शोधला. साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत एक गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही, नदीचंही नाही. एरवी ती उन्हाळ्यात शेळीचे पाय भिजवायलाही लाजते. त्या नदीने एका पहाटे अर्धं गाव नेलं. मातीची घरं होती. पाण्यात साखर विरघळावी तशी ती बसली, आणि बसताना माणसांवर बसली. एका मदत मंडळाने आम्हाला बोलावलं. त्यांच्याकडे एक एक्स-रे यंत्र होतं, शाळेच्या दप्तराएवढं, हातात उचलून नेण्याजोगं. ते चालवायला माणूस नव्हता. सेंटरच्या साहेबांनी विचारलं, कोण जाईल? मी काही बोलायच्या आत माझाच आवाज माझ्या आधी “मी” म्हणाला. सोबत गाडीवर सलीमभाई, नशिराबादचे. त्यांचा गाडीवर जीव आहे आणि माणसांवर राग. पण हा राग फक्त तोंडापुरता, हे गाडीसुद्धा ओळखून आहे.

शाळा उंचावर होती म्हणून वाचली. सगळं गाव तिच्यात भरलं होतं. आम्हाला मिळाली सातवी ‘ब’. वर्गात खडूचा वास, ओल्या गोधड्यांचा वास, बाहेर चुलीवर शिजणाऱ्या खिचडीचा वास आणि या सगळ्याच्या खालून पुराचा तो गोडसर, कुजका वास. तो अंगाला लागला की साबणाला दाद देत नाही. फळ्यावर पूर येण्याआधीच्या दिवशीचा सुविचार तसाच होता. बाजूच्या भिंतीवर मानवी सांगाड्याचा तक्ता, कवटीपासून टाचेपर्यंत, प्रत्येक हाडापुढे नाव. मी तो काढून ठेवायला गेले तर खिळा निघेना. राहू दिला. आलेली माणसं आधी त्या तक्त्याकडे बघत, मग माझ्याकडे बघत आणि दारातच थांबत.

जायच्या आधी डॉक्टरांनी आम्हाला फोनवरून दोन गोष्टी शिकवल्या होत्या. यंत्र कसं चालवायचं ते आम्हाला येतच होतं. ते म्हणाले होते, तिकडे लढाईत आम्ही कुणालाही भिंतीला पाठ लावून उभं करत नाही, आणि “हलू नका” म्हणत नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना कुणीतरी आधी तसं उभं केलेलं असतं, शेजारच्याला गोळी लागताना त्यांनी पाहिलेलं असतं. खुर्ची द्या, बसवा, बोलत राहा. मी म्हटलं, डॉक्टर, बोलत राहायचं तर मला बक्षीस मिळालेलं आहे. ते हसले नाहीत. म्हणाले, “तुमच्याकडे वेगळं काहीतरी असेल. प्रत्येक ठिकाणी काहीतरी असतं. ते तुम्हालाच सापडेल.”

ते मला पहिल्याच सकाळी सापडलं. छातीचा फोटो काढताना आम्ही सांगतो, श्वास घ्या, धरा. आयुष्यभर सांगत आले आहे. झोपेतसुद्धा सांगते, नवरा खरंच धरतो. पण त्या सातवी ‘ब’मध्ये मी म्हटलं, “श्वास घ्या, धरून ठेवा,” आणि समोरच्या म्हाताऱ्याचे डोळे असे झाले की मी बटण दाबायचंच विसरले. तो हातांनी हवा बाजूला सारायला लागला. पाण्याखाली त्याने श्वास धरला होता ना. धरून धरून वर आला होता. आणि आता मी, कोण कुठली जळगावची बाई, त्याला परत खाली ढकलत होते.

मग मी रीत बदलली. म्हणायला लागले, “आबा, एक मोठ्ठा वास घ्या, खिचडी शिजली का सांगा.” माणूस नाकाने हवा ओढायचा आणि उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबायचा. तेवढ्यात माझं बटण. त्या खिचडीवर मी किती फुप्फुसं पकडली, त्याला हिशेब नाही. खिचडी मात्र रोज करपायची.

आणि हळकुंडाची गोष्ट. मंगळसूत्र छातीवर असलं की फोटोत मणी दिसतात, वाट्या दिसतात, जे बघायचं ते त्यांच्यामागे लपतं. दवाखान्यात आम्ही बाईला ते दातांत धरायला सांगतो. बाया मंगळसूत्र दातांत धरून माझ्याकडे अशा बघतात जणू मी त्यांचा नवराच चावायला दिलाय. पण काही बायांना तेही जमत नाही, आणि गळ्यातून काढायचं म्हटलं की मागे सरकतात. म्हणून मी पिवळ्या दोऱ्यात ओवलेली हळकुंडं जवळ ठेवते. मंगळसूत्र ओवायला सोनाराकडे दिलं की बाया गळ्यात हळकुंड बांधतात, तेवढ्या वेळेपुरतं. मी तेच करते. आधी हळकुंड बांधायचं, मग मंगळसूत्र उतरवायचं. गळा रिकामा राहत नाही. आमच्या घरी बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धाची मूर्ती. हळकुंड आमच्याकडे फक्त मसाल्यात. माझ्या आईने पिशवीत ही हळकुंडं पाहिली तेव्हा ती म्हणाली, “तू कधीपासून भटजी झालीस?” आणि ती आणून कोण देतं, तर सलीमभाई. नशिराबादच्या किराणा दुकानात ते एकेक हळकुंड निवडतात, किडकं नको म्हणतात. दुकानदाराला वाटतं, यांच्या घरी सतत लग्नं चालू असतात.

तिसऱ्या सकाळी सातवी ‘ब’मध्ये मंजुळा आली. आली म्हणजे दोन बायांनी उचलून आणली. तिशी-पस्तिशीची, काटक, अंगावर भिंत पडलेली. तोंड उघडं, प्रत्येक श्वासाला मान पुढे. बोलायचं तर दोन शब्द आणि मग थांबायचं. नवऱ्याचं नाव धुडकू. पाणी चढलं तेव्हा तो नदीपलीकडच्या खळ्यात होता, बैल सोडवायला गेलेला. तेव्हापासून त्याचा पत्ता नव्हता. पलीकडच्या काठावरची माणसं तिकडच्या एका देवळात आहेत असं कुणी म्हणत होतं, कुणी म्हणत होतं नाहीत, कुणी म्हणत होतं ती गेली. मधली नदी पार करून आलेलं कुणी नव्हतं.

मी मंगळसूत्र म्हटलं आणि तिने दोन्ही हात छातीवर घट्ट धरले. दातांत धर म्हणावं तर तोंड मिटेना. मी हळकुंड काढलं. तिने ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, वास घेतला. मग स्वतःच बांधायला मान पुढे केली. गाठ मारताना तिच्या मानेवर माझे हात होते आणि कातडीखाली काहीतरी चुरचुरत होतं, ओल्या रेतीसारखं. हवा आत शिरली की तसं लागतं. मी खिचडीचा विनोद केला नाही. म्हटलं, “जमेल तेवढा घे, मंजुळा. नाही जमला तर राहू दे.”

गडबडीत हळकुंड मानेमागे सरकवायचं राहिलं, आणि तोच पहिला फोटो. त्यातच ती सावली दिसली आणि मी गच्चीवर धावले.

परत येऊन दुसरा काढला. हळकुंडाचा दोरा ओढून तिच्या अंबाड्यात खोचला. या वेळी म्हटलं, “आता सोड. सगळा सोडून दे.” तिने सोडला. श्वास सोडताना तिचा चेहरा असा सैलावला की पुढचा घेते की नाही, असं वाटलं. मग तिने परत घेतला. मी पण घेतला. माझ्या लक्षात आलं, मी पण धरून बसले होते.

फुप्फुसाभोवती हवा साठली होती आणि दर श्वासाला ती वाढत होती. छातीत नळी टाकून ती काढायला धुळ्याशिवाय इलाज नव्हता. रस्ता खचलेला, गाडी जाणार नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाट बांधून न्यायचं ठरलं. सलीमभाईंनी ट्रॉलीत गोधड्या घातल्या, वर ताडपत्री ताणली, ट्रॅक्टरवाल्याला दहा शिव्या दिल्या आणि स्वतःचं जॅकेट मंजुळाच्या पायावर टाकलं. निघताना मी तिचं मंगळसूत्र तिच्या हातात द्यायला गेले. तिने माझी मूठ परत मिटवली.

“तो यी,” ती म्हणाली. थांबली. “माले धुंडी. तेले दे. मी आठे व्हतू, तेले समजी.”

तो येईल, मला शोधेल. त्याला हे दे म्हणजे मी इथे होते, हे त्याला कळेल. तिला लिहिता येत नव्हतं, फोन पुरात गेलेला, गळ्यात हळकुंड होतं म्हणून मंगळसूत्र सोडता येत होतं. निरोप ठेवायला तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. मला ते फार पटलं. मलाच काय, तिथे उभ्या असलेल्या सगळ्या बायांना पटलं. एक म्हणाली, बरं सुचलं हो तुला. ते मंगळसूत्र मी डब्यात ठेवलं. शिशाचा कोट घालताना मी माझ्या बांगड्या ज्यात ठेवायचे, तोच स्टीलचा डबा.

ट्रॅक्टर चिखलातून हेलकावत गेला. वळणाआड गेल्यावरही आवाज येत राहिला. मग नदीच्या आवाजात कुठे बुडाला ते कळलं नाही.

एक्स-रे हे विचित्र काम आहे. तीस वर्षं माणसांच्या आत बघते आहे, आणि जे बघते ते नेहमी होऊन गेलेलं असतं. बटण दाबलं त्या क्षणाचं. माणूस कपडे घालून बाहेर गेला की तो फोटोतला राहत नाही. त्याच्या आत काहीतरी पुढे सरकलेलं असतं. जळगावात याचं काही वाटत नाही. रिपोर्ट संध्याकाळी मिळेल म्हणायचं आणि लोक चहा प्यायला जातात. तिकडे त्या शाळेत मात्र सकाळचा फोटो दुपारपर्यंत जुना व्हायचा. डॉक्टर एकदा म्हणाले होते, लढाईतून आलेला फोटो वाचून कधी कधी मी फोन करतो तेव्हा ज्याचा फोटो त्याला पुरलेलं असतं. फोटो माझ्यासमोर असतो. त्यात हृदय छान जागेवर दिसतं. ते हे अगदी साध्या आवाजात म्हणाले होते, पारोळ्याच्या बाजारात मुगाला भाव काय निघाला ते सांगावं तसं.  

दुपारी धुडकू आला.

उंच, वाकलेला, कमरेपर्यंत चिखल वाळलेला, डाव्या पायात चप्पल नाही. दोर धरून नदी उतरून आला होता. सातवी ‘ब’च्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, त्याची बायको मंजुळा इथे आहे असं बाहेर सांगितलं. मला इतका आनंद झाला की मी नाव विचारायच्या आधीच डबा उघडला. माणूस सापडला की माझं डोकं मागे राहतं आणि हात पुढे जातात. मी मंगळसूत्र त्याच्या हातावर ठेवलं. म्हटलं, हे घ्या भाऊ, तिने तुमच्यासाठी ठेवलंय.

तो ते बघत राहिला. मग हळूच खाली बसला.  

मला उमगायला वेळ लागला. दारातल्या बायांना माझ्या आधी उमगलं. बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र दुसऱ्या कुणी आणून नवऱ्याच्या हातावर ठेवतं, ते एकाच वेळी. प्रेतावरचे दागिने घरच्यांच्या ताब्यात देतात तेव्हा. गेले दोन-तीन दिवस शाळेच्या मागच्या पडवीत तेच चाललं होतं. आत येण्याआधी तिथेच उभं राहून बघून आलेला माणूस होता तो. मंजुळाने ठेवलेला निरोप होता “मी आहे,” आणि त्याने वाचला होता “मी गेले.” सकाळी “बरं सुचलं” म्हणणारी बाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. ती का रडत होती, देव जाणे; तिने तर मंजुळाला स्वतःच्या डोळ्यांनी ट्रॉलीत चढताना पाहिलं होतं. पण रडणं असं असतं, एकाचं बघून दुसऱ्याला येतं.

आता मी काय केलं असेल? मी ओरडले. ती जिवंत आहे, धुळ्याला गेली आहे, ट्रॅक्टरने गेली, सकाळीच गेली, बोलत होती, हसत होती. हसत नव्हती, पण माझ्या तोंडातून गेलं. माझा आवाज जितका चढला तितका तो माणूस आक्रसत गेला. गेल्या दोन दिवसांत शाळेत प्रत्येकाला कुणी ना कुणी हेच सांगत होतं. सापडेल हो. पलीकडे असेल. धुळ्याला नेलं असेल. ज्याचं माणूस गेलं त्याला आधी हे सांगायचं आणि मग हळूहळू पडवीकडे न्यायचं, अशी रीतच पडली होती. शिवाय गावाने मला दोन दिवस ऐकलं होतं. कालच मी पोरांना सांगितलं होतं की माझं यंत्र भिंतीपलीकडच्या माणसाच्या खिशातलं चॉकलेट ओळखतं. एक म्हातारा त्याला समजावायला म्हणाला, “अक्का जरा वाढाईसन सांगस, पन मन चांगलं शे.” वाढवून सांगते, पण मन चांगलं आहे. म्हणजे झालंच.

फोन लावायला गच्चीवर गेले. धुळ्याला लागेना, ट्रॅक्टरवाल्याला लागेना. खाली आले तर तो तसाच.

मग मी लॅपटॉप उघडला. म्हटलं, हे बघा. हा तिचा फोटो, आज सकाळचा. ही मंजुळा.

त्याने पडद्याकडे पाहिलं. काळ्यावर पांढऱ्या फासळ्या, मणका, खांद्याची हाडं. मग भिंतीकडे मान वळवली. तक्त्यावरचा सांगाडा त्याच्याकडे बघत होता. त्याने बोट केलं. “हाई तं तठे बी शे,” तो म्हणाला. हे तर तिथेही आहे. आणि मला कळलं की मी काय दाखवते आहे. बायको गेलीय असं वाटणाऱ्या माणसाला मी तिची हाडं दाखवत होते.

 सलीमभाई दारात उभे होते, त्यांनी मान फिरवली. आणि तेव्हा माझं बोट आपोआप दुसऱ्या फोटोवर गेलं. पहिला श्वास घेतलेला, दुसरा सोडलेला. एका बटणाने पुढचा, एका बटणाने मागचा. पुढे केलं, फासळ्या खाली उतरल्या. मागे केलं, वर चढल्या. पुढे, मागे. पुढे, मागे. पडद्यावर मंजुळा श्वास घ्यायला लागली. घेताना छातीवर हळकुंड यायचं, सोडताना जायचं.

“हे बघा भाऊ,” मी हळू म्हणाले. मला हळू बोलता येतं हे मलाही माहीत नव्हतं. “इथे श्वास घेतला. इथे सोडला. गेलेलं माणूस सोडून परत घेत नाही.”

तो गुडघ्यांवर सरकत जवळ आला. पडद्याला नाक लागेल इतका. मी बटण दाबत राहिले.  बाहेर रांगेत हात मोडलेला एक माणूस होता, तोही आत येऊन बघत उभा राहिला. रडणारी बाई थांबली. माझ्या नकळत मी माझा श्वास त्या बटणाबरोबर घ्यायला लागले. धुडकूही. त्याच्या बरगड्या सदऱ्यातून तशाच वर-खाली होताना मला दिसत होत्या.

मग त्याने न वळता विचारलं, “हाऊ सकायना शे ना?”

हा सकाळचा आहे ना. मी हो म्हटलं.

“आत्तेना दखाड.”

आत्ताचा दाखव. मी काय दाखवणार? आत्ताचा श्वास कुठल्या तरी ओढ्याच्या काठावर, ताडपत्रीखाली होता, किंवा नव्हता. मला माहीत नव्हतं. मी बटण दाबत राहिले, कारण थांबले असते तर त्याच्यासाठी ती त्याच क्षणी थांबली असती, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही. सलीमभाई म्हणाले, ताई, बॅटरी. जनरेटरचं डिझेल संपलं होतं, बाहेर रांग होती. मी ऐकलं. थांबले नाही. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. ते बाहेर गेले आणि रांगेतल्या लोकांवर ओरडायला लागले, जरा धीर धरा, यंत्र तापलंय. यंत्र तापत नाही. माझ्या संगतीने तेही शिकले होते.

पडदा आधी मंद झाला, मग काळा. श्वास घेतलेल्या फोटोवर की सोडलेल्या, हे मला नेमकं आठवत नाही. घेतलेल्यावर, असं मी सगळ्यांना सांगते.

धुडकू उठला. मंगळसूत्र सदऱ्याच्या टोकात गाठ मारून बांधलं. ट्रॅक्टर कोणत्या वाटेने गेला एवढं विचारलं आणि चालायला लागला, एका पायात चप्पल घालून. मी मागून हाका मारत होते की थांबा, गाडी बघते. तो थांबला नाही. वर परत आभाळ उतरत होतं, त्या काळ्या-जांभळ्या रंगाचं.

तुम्ही अडकून बसू नये म्हणून सांगते, मंजुळा वाचली. ट्रॅक्टर एका फरशी पुलाच्या अलीकडे पाणी ओसरायची वाट बघत दुपारभर उभा होता. मी पडद्यावर तिचा श्वास चालवत होते तेव्हा ती तिथे होती आणि ट्रॅक्टरवाला म्हणतो, दोनदा वाटलं, संपलं. धुडकूने त्यांना तिथेच गाठलं. धुळ्याला नळी टाकली आणि ती उठली. पण त्या दुपारी हे कुणाला माहीत नव्हतं. ती वाचली नसती तरी मी तितक्याच खात्रीने बटण दाबत राहिले असते, आणि फोटोत काहीच फरक पडला नसता. भादव्यातला तो ओला वास आला की मला हे टोचतं. ती वाचली, याने ते टोचणं कमी होत नाही.

ही गोष्ट मी सांगते तेव्हा जरा सजवते. माझ्या सांगण्यात धुडकू पडदा बघून ताडकन उठतो, “जित्ती शे, जित्ती शे” म्हणत नाचतो, नदी माघार घेते आणि सलीमभाई ढसाढसा रडतात. डॉक्टरांना सांगितली तेव्हा त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, “खरंच नाचला?” मी म्हटलं, जवळजवळ. ते म्हणाले, आमच्याकडे कुणी नाचलेलं मला आठवत नाही.

गेल्या वर्षी साक्रीच्या आठवडे बाजारात ते दोघं भेटले. मंजुळा मिरच्या विकत होती. मला ओळखून तिने मूठभर जास्त घातल्या आणि हळकुंडाचं काय केलं ते सांगितलं. कुटून भाजीत घातलं म्हणे, वाया कशाला घालवायचं. मी तिच्या श्वासाकडे बघत होते. सवय. भरपूर, बिनआवाजाचा श्वास. धुडकू मागे बसून गोणीचं तोंड शिवत होता. मला राहवेना. बाजाराने ऐकावं अशा आवाजात मी विचारलं, “काय धुडकूभाऊ, त्या दिवशी माझा फोटो बघून विश्वास बसला की नाही, की ही जिवंत आहे?”

त्याने सुई गोणीतून ओढली, सुतळीला गाठ मारली.

“नही,” तो म्हणाला. “तुम्ही दखाडत व्हतात, म्हनीसन मी दखत व्हतू.”